शेठ जमनालाल बजाज : भाव आणि मोल

मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, असा आपला प्रघात आहे. या वर्षी चरित्र कोणाचे घ्यावे यावर कार्यकारिणीत फारशी चर्चा झाली नाही. बचत गट सुरू झाल्यापासून पैसा कोठे ठेवावा, कोणाला द्यावा, किती राखून ठेवावा, या गोष्टी आपल्या बैठकांतून वारंवार निघतात. तेव्हा पैसा कसा मिळवावा आणि कसा द्यावा, हे दोन्ही ज्याला उत्तम कळले होते, असा आपल्याच गावचा एक व्यापारी डोळ्यांपुढे असताना दूर जाण्याचे कारण नव्हते. बजाजवाडीवरून, लक्ष्मीनारायणाच्या मंदिरावरून आपण येता-जाता असतो. परंतु ज्या माणसामुळे ही ठिकाणे झाली, त्याची हकीकत नव्या सुनांना आणि मुलींना पुरती ठाऊक असतेच असे नाही.

प्रथम थोडे विषयांतर करते. अमेरिकेत बेंजामिन ग्रॅहॅम नावाचे एक अर्थशास्त्राचे शिक्षक होऊन गेले. १९३४ साली त्यांनी डेव्हिड डॉड यांच्यासह शेअर-रोख्यांच्या पारखीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचे सार सांगायचे तर असे, की बाजारातला भाव ही एक गोष्ट आणि वस्तूचे खरे मोल ही दुसरी. भाव रोज चढतो-उतरतो. मोल इतके उतावीळ नसते. शहाण्याने आधी मोल पारखावे, भाव त्याहून बराच खाली असेल तेव्हा घ्यावे, आणि मध्ये इतकी मोकळी जागा राखावी की आपला अंदाज थोडा चुकला तरी बुडण्याची पाळी येऊ नये. मग धीर धरून बसावे. त्यांचे शिष्य वॉरन बफे याच वाटेने जगातल्या अतिश्रीमंतांपैकी एक झाले आणि २००६ साली त्यांनी आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग दानधर्मासाठी देण्याचे जाहीर केले. हे सारे ऐकताना मोठे नवे वाटते. पण तूर घरी येते त्या दिवसांत वर्षाची डाळ करून ठेवणारी आणि गहू उतरतो तेव्हा कोठी भरणारी आपली सासू याहून वेगळे काय करीत होती? ज्या वर्षी हा ग्रंथ तिकडे छापला गेला, त्याच सुमारास इकडे वर्ध्यात जमनालालजी आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी गुंतवणूक पदरात पाडून घेत होते. ती कोणती, हे ओघाने पुढे येईल.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा खेड्यात झाला. वडील कनीराम व आई बिरदीबाई यांची परिस्थिती साधारणच होती. वर्ध्याचे शेठ बच्छराज बजाज हे त्याच मुलखातले. त्यांचा मुलगा तरुणपणीच वारला होता आणि घराला वारस नव्हता. बच्छराजजींच्या पत्नी सदीबाई यांनी त्या खेड्यात चार-पाच वर्षांचा हा मुलगा पाहिला आणि तो त्यांच्या मनात भरला. आईने सहज, बोलण्याच्या ओघात, मुलगा तुमचाच आहे असे म्हटले. सदीबाईंनी तो शब्दच धरून ठेवला. मुलगा नातू म्हणून दत्तक गेला तो १८९४ साली. बच्छराजजी मोबदला देऊ लागले, पण कनीरामांना मुलाचे पैसे घ्यावयाचे नव्हते. त्यांनी मागितले ते एवढेच, की गावात पाण्याचा फार त्रास आहे, तेवढी एक विहीर बांधून द्या. विहीर झाली. पुढे कित्येक वर्षांनी जमनालालजींच्या पत्नी जानकीदेवी विनोबांच्या कूपदानाच्या कामात पडल्या आणि गावोगाव विहिरींसाठी दान मागत हिंडल्या. त्या वेळी त्यांना या पहिल्या विहिरीची आठवण होत असणारच. आईच्या मनाचे काय झाले असेल, हे मात्र कोणत्याही चरित्रात नीट लिहिलेले नाही.

वर्ध्याला आल्यावर शाळा झाली ती चारच वर्षे. दहा-अकराव्या वर्षी मुलगा पेढीवर बसला. जमाखर्च लिहिणे, कापसाची प्रत हाताने ओळखणे, सरकी किती निघेल याचा अदमास बांधणे, हेच त्याचे पुढचे शिक्षण. १९०२ साली जावऱ्याच्या जानकीदेवींशी लग्न झाले. त्या वेळी वधूचे वय नऊ वर्षांचे होते. मुलाला खर्चाला रोज एक रुपया मिळे. त्यातून साठवलेले शंभर रुपये त्याने लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ची हिंदी आवृत्ती निघणार म्हणून नागपूरला पाठवून दिले. पुढे लाखांची देणगी देताना मिळाला नाही इतका आनंद त्या शंभरांनी दिला, असे ते नेहमी सांगत.

सतराव्या वर्षी एक प्रसंग घडला. त्याच्यावाचून पुढचे आयुष्य कळावयाचे नाही. एका लग्नाला जाताना अंगावर हिऱ्या-मोत्यांचे दागिने घालावेत, असा आजोबांचा आग्रह होता. नातवाने नकार दिला. आजोबा तापट होते. रागाच्या भरात, माझ्या पैशावर जगतोस आणि वर मलाच शिकवतोस, अशा अर्थाचे बरेच काही ते बोलून गेले. मुलाने उलट शब्द काढला नाही. त्याने मुद्रांकाचा कागद आणला आणि त्यावर रीतसर लिहून दिले, की आपल्या संपत्तीवर माझा कोणताही हक्क नाही व पुढेही मी तो सांगणार नाही. मनात राग नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी मी जातो आहे. आपण यापुढे दानधर्मात मन घालावे. आणि तो खरोखरच घराबाहेर पडला. आजोबांनी माणसे धाडून त्याला परत आणले, दोघेही रडले, आणि प्रकरण वरवर मिटले. पण कागद लिहून झाला होता. जमनालालजींच्या लेखी तो कधीच फाटला नाही.

१९०७ साली बच्छराजजी वारले आणि काही लाखांची इस्टेट अठरा वर्षांच्या या मुलाकडे आली. दुसरा कोणी असता तर जुन्या कागदाची आठवणही ठेवली नसती. यांनी मनाशी ठरविले, की हे धन मी एकदा सोडलेले आहे. माझ्याकडे ते केवळ सांभाळण्यासाठी आले आहे. पुढे त्या रकमेचा व्याजासह हिशोब धरून त्याहून कितीतरी अधिक त्यांनी सार्वजनिक कामांना दिले. हयातीतील त्यांच्या दानाचा आकडा २५ लाखांच्या आसपास सांगतात. आणि ते त्या वेळचे रुपये होते. गांधीजींनी पुढे विश्वस्तपणाचा विचार मांडला, तेव्हा असा माणूस प्रत्यक्ष कसा असेल हे दाखवताना त्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम जमनालालजीच येत, हे त्यांनी जमनालालजींच्या मृत्यूनंतर स्वतः लिहून ठेवले आहे.

आता व्यापाराची बाजू. आपला जिल्हा कापसाचा. दिवाळीनंतर बंड्यांच्या रांगा बाजारात येत, जिनात सरकी वेगळी होई आणि प्रेसमध्ये गाठी बांधल्या जात. गाठी बांधताना पाणी मारून वजन वाढवण्याची चाल त्या काळी पुष्कळांनी धरली होती. आपल्या पेढीवर जमनालालजींनी ती चालू दिली नाही, असे जुनी माणसे सांगत. आरंभी नुकसान दिसे. परंतु मुंबईच्या बाजारात या पेढीच्या गाठीला फोडून पाहण्याचे कारण उरले नाही आणि हळूहळू तिला मागणी वाढली. नावावर विश्वास बसणे ही गोष्ट कोणत्याही वहीत जमेला लिहिता येत नाही, तरी तिच्याइतकी टिकाऊ मिळकत दुसरी नाही. सट्ट्याचा त्यांना तिटकारा होता. कापसाच्या मुलखात राहून, भोवती रोज लाखांची तेजी-मंदी चाललेली असताना, त्यापासून दूर राहणे सोपे नव्हते. आपल्या गावात सट्ट्याने बसलेली घरे आपल्यांतील वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहेत. त्या घरांतल्या बायकांचे दागिने कोठे गेले, ते विचारण्याचे कारण नाही.

१९२६ साली मुंबईत बच्छराज आणि कंपनीची स्थापना झाली. बजाज उद्योगसमूह आपला आरंभ याच वर्षापासून मोजतो. १९३१ साली उत्तर प्रदेशातील गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर मुकुंद लोखंड-पोलाद कारखानाही बजाज मंडळींकडे आला. लक्षात घेण्याजोगे हे, की १९२० नंतर ते स्वतः पेढीवर फारसे बसतच नव्हते. चांगली माणसे निवडावीत, त्यांना मोकळेपणा द्यावा आणि हिशोब मात्र पै-पैचा मागावा, अशी त्यांची रीत होती. सार्वजनिक फंडाचा हिशोब तर ते घरच्या हिशोबाहून कडक पाहत. म्हणूनच काँग्रेसचे खजिनदारपद १९२० नंतर जवळजवळ अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

गांधीजींशी ओळख झाली ती १९१५ साली. तोपर्यंत जमनालालजी गुरूच्या शोधात अनेक थोरांकडे जाऊन आले होते. पारख करण्याची व्यापाऱ्याची सवय येथेही सुटली नाही. साबरमतीस जाऊन राहावे, गांधीजी बोलतात तसे वागतात की नाही ते जवळून पाहावे, स्वयंपाकघर, प्रार्थना, पाहुण्यांची व्यवस्था, सर्व न्याहाळावे, असे त्यांनी काही वर्षे केले. खात्री पटली तेव्हा १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी त्यांनी गांधीजींपुढे एक विलक्षण मागणी ठेवली : मला तुमचा पाचवा मुलगा माना. लहानपणी ज्याला विचारल्यावाचून दत्तक दिले गेले, त्याने वयाच्या एकतिसाव्या वर्षी आपला बाप स्वतः निवडला! यानंतर मागे पाहणे नव्हते. सरकारने दिलेली रायबहादूर पदवी त्यांनी परत केली. वकिली सोडलेल्या देशभक्तांच्या घरच्यांची आबाळ होऊ नये म्हणून टिळक स्वराज्य फंडात एक लाख रुपये दिले. कोर्टाची पायरी चढावयाची नाही म्हणून स्वतःचे येणे असलेले दावे सोडून दिले आणि ते नुकसान गिळले. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात शिक्षा झाली. दंड भरला नाही म्हणून मोटार आणि बग्गी जप्त झाली, पण लिलावात बोली बोलावयास नागपुरात कोणी पुढे होईना.

गांधीजींनी वर्ध्यास येऊन राहावे, ही इच्छा त्यांनी पहिल्यापासून धरली होती. गांधीजी काही येईनात. १९२१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी विनोबांना पाठविले आणि वर्ध्यात सत्याग्रहाश्रम सुरू झाला. जमनालालजींनी आग्रह सोडला नाही, पण घाईही केली नाही. बारा-तेरा वर्षे लोटली. साबरमती सुटली, आणि १९३४ पासून गांधीजींचा मुक्काम वर्ध्यास पडला. मी वर म्हटले ती गुंतवणूक ही. तोवर त्यांनी येथे जमीन, घरे, शाळा आणि कार्यकर्ते असे सर्व काही तयार करून ठेवलेले होते. बगिच्यासह आपला बंगला त्यांनी ग्रामोद्योग संघाला देऊन टाकला, तीच मगनवाडी. कुमारप्पांचे घाणी, कागद, मधमाश्या यांचे प्रयोग तेथे चालले. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावला राहावयास गेले. त्या गावाची मालगुजारीही बहुतांशी जमनालालजींचीच होती. पुढे १९४० मध्ये त्याचे नाव सेवाग्राम झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात नई तालीमची परिषद भरली ती त्यांच्याच शिक्षण मंडळाच्या नवभारत विद्यालयात. बजाजवाडीत तर काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठकांवर बैठका होत. पवनारला धाम नदीच्या काठी जमनालालजींचा बंगला होता. १९३८ साली प्रकृती खालावलेले विनोबा तेथे राहावयास गेले, आणि त्याच जागी १९५९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढले. नकाशात ज्याचा ठिपकाही मोठा नव्हता, त्या आपल्या गावाचे नाव देशभर झाले ते असे. लोक दान देतात आणि पाटी लावतात. यांनी जागा दिली, पैसा दिला, आणि काम करणाऱ्या माणसाला घरच्या काळजीतून मोकळे केले. हे तिसरे दान सर्वांत दुर्मीळ आहे, असे मला वाटते. कार्यकर्त्यांच्या मुलामुलींची लग्ने जमवण्याची त्यांना इतकी हौस होती, की गांधीजींनी त्यांचे नावच शादीलाल ठेवले होते. स्वतःच्या मोठ्या मुलीचे, कमलाबाईंचे लग्न मात्र १९२६ साली साबरमती आश्रमात, मारवाडी श्रीमंतीचा कोणताही थाट न करता लावले.

अस्पृश्यतेच्या बाबतीत त्यांनी पैसा नव्हे, प्रतिष्ठा पणाला लावली. लक्ष्मीनारायण मंदिर बच्छराजजींनी बांधलेले. ते हरिजनांना खुले करावे म्हणून त्यांनी विश्वस्तांची मने वळवण्यात पुष्कळ काळ घालवला आणि जुलै १९२८ मध्ये ते खुले झाले. देशात असे उघडलेल्या पहिल्या काही मंदिरांत त्याची गणना होते. जातवाल्यांनी डोळे वटारले, बहिष्काराच्या गोष्टी झाल्या. जमनालालजींनी वाद घातला नाही. घरच्या विहिरी मोकळ्या केल्या आणि स्वयंपाकघरातही हरिजन माणूस ठेवला.

येथे जानकीदेवींविषयी लिहिलेच पाहिजे, कारण स्त्रियांच्या स्मरणिकेत हा हिशोब अपुरा राहणे बरे नव्हे. नवरा त्याग करतो, त्याची वाहवा होते. परंतु त्या त्यागातला मोठा वाटा घरातल्या बाईच्या अंगावरून निघालेला असतो. जानकीदेवी कर्मठ घरातल्या, सोवळेओवळे पाळणाऱ्या, पडद्यात वाढलेल्या. पतीच्या सांगण्यावरून त्यांनी पडदा सोडला, सोन्याचे सर्व दागिने उतरविले आणि पुन्हा कधी घातले नाहीत. घरातल्या विदेशी कपड्यांची होळी केली. हे पहिले त्यांनी आज्ञा म्हणून केले, आणि ते सोपे गेले नाही, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लपवलेले नाही. त्यांना विचारून ठरले असते तर त्यांनी काय केले असते, हा प्रश्न आजच्या मुली विचारतील आणि त्यांनी तो विचारावाही. परंतु एवढे निश्चित, की ज्या बाईला चारचौघांत बोलणे ठाऊक नव्हते, ती पुढे सभांतून खादीवर बोलू लागली, १९३२ साली तुरुंगात गेली, आणि १९५६ साली तिला पद्मविभूषण मिळाले. हा उसना मोठेपणा नव्हता. जमनालालजींनी तिच्यात जे पाहिले होते, ते तिने स्वतःच्या कष्टाने खरे केले.

१९३८-३९ मध्ये जयपूर प्रजामंडळाच्या लढ्यासाठी त्यांनी आपल्या जन्मभूमीत तुरुंगवास पत्करला. वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा तुरुंग झाला. १९४१ मध्ये सुटून आले तेव्हा प्रकृती ढासळलेली होती आणि मन राजकारणातून उठले होते. काही दिवस ते डेहराडूनजवळ आनंदमयी माताजींच्या सहवासात राहिले. परत येऊन त्यांनी गांधीजींना पुढचे काम विचारले आणि गोसेवा पत्करली. मोठमोठ्या कामांत वावरलेल्या माणसाने गाईच्या मागे लागावे, हे पुष्कळांना विचित्र वाटले. पण आपल्या जिल्ह्याची गवळाऊ गाय किती चांगली आणि तिची निगा किती हलाखीची, हे ते पाहत होते. ज्या गोष्टीचे मोल मोठे आणि जिच्याकडे कोणी पाहत नाही, तिच्यावर हात ठेवण्याची त्यांची जुनीच सवय होती. सप्टेंबर १९४१ मध्ये गोसेवा संघ निघाला. बजाजवाडी सोडून ते गोपुरीला एका झोपडीत राहावयास गेले, पहाटे उठत आणि स्वतः गाईंची सेवा करीत. आज आपण ज्या गोरस भंडारातून पाहुण्यांसाठी गोरसपाक आणतो, तेही याच कामाच्या पोटातून वाढलेले.

हे समाधान पाच महिनेही लाभले नाही. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते एकाएकी गेले. वय अवघे ५२ वर्षांचे होते. गोपुरीतच त्यांना अग्नी दिला. जानकीदेवींचा शोक अनावर होता. त्या सती जाण्याची भाषा बोलू लागल्या. गांधीजींनी त्यांना समजाविले, की पतीमागे जायचेच असेल तर त्यांचे काम उचला. त्यांनी आपल्या वाट्याचे धन गोसेवेला अर्पण केले आणि गोसेवा संघाचे अध्यक्षपद घेतले. त्या १९७९ सालापर्यंत जगल्या.

मुलांनी पुढे उद्योग वाढविला. १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कंपनी निघाली, तीच आजची बजाज ऑटो. नातू राहुल बजाज यांच्या काळात त्या नावाची स्कूटर घराघरांत गेली. ती हकीकत वर्तमानपत्रांतून आपण वाचलेली आहे. ती येथे लांबवीत नाही.

जमनालालजी गेल्यानंतर आठ-दहा दिवसांतच गांधीजींनी त्यांच्या मित्रांना व सहकाऱ्यांना वर्ध्यास बोलावून घेतले. शोकसभा त्यांना नको होती. गोसेवा, खादी, ग्रामोद्योग, नई तालीम, राष्ट्रभाषा, हरिजनसेवा, स्त्रीशिक्षण, संस्थानी प्रजेचे काम, अशी एका माणसाने चालविलेली कामे त्यांनी मंडळींपुढे ठेवली आणि कोण कोणते घेतो, असे विचारले. एकेक काम उचलावयास एकेक माणूस लागला.